दोन्ही मनगटं

डाव्या कुशीवर वळा, मी म्हणते, आणि जेल गार आहे
हे सांगायचं राहून जातं. तो दचकत नाही.
मॅनस मॅकनेलिस, वय चौऱ्याहत्तर, आर्डराचा विणकर.
"होतो," तो दुरुस्त करतो. "माग विकला.
बोटं ऐकेनाशी झाली."

पडद्यावर हृदय येतं.
भिंती जाड, सगळीकडून जाड,
आतली जागा आक्रसलेली,
खोलीभर कुणीतरी पोती रचून ठेवावीत तशी.
शेजारी ईसीजीचा कागद, त्यावरच्या रेघा मात्र खुज्या.
एवढी भिंत आणि एवढासा आवाज?
स्नायू कमावलेला असता तर रेघा उंच उठल्या असत्या.
हे मांस वाढलेलं नाही.
मांसात काहीतरी येऊन बसलंय.

मशीन जुना अहवाल उघडतं. चार वर्षांपूर्वीचा.
"भिंतींची जाडी, बहुधा रक्तदाबामुळे."
खाली सही माझी.

"रक्तदाब कसा असतो हल्ली?"
"तो आपोआप उतरला. डॉक्टरही खूश.
गोळ्या घेतल्या की चर्चमध्ये उठून उभं राहताना
अंधारी यायची, मग एकेक करून बंदच केल्या."

मी प्रोब फिरवते. तो पलंगाची दांडी धरतो,
आणि पडद्याचा निळा उजेड त्याच्या मनगटावर पडतो.
तळव्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ.
दुसरा हात दाखवा.
तिथेही तशीच.

"अकरा वर्षं झाली. नस दबली होती.
विणकरांना होतंच म्हणाले."

होतंच. हातांचा डॉक्टर हातांपुरता,
पाठीचा पाठीपुरता,
मी बरगड्यांच्या फटीतून डोकावणारी, तेवढ्यापुरती.
उजव्या दंडाची बेटकुळी कोपराकडे घसरलेली,
ती तर चार वर्षांपूर्वीही माझ्यासमोरच असणार.
"बादली उचलताना टक्कन वाजलं," तो म्हणतो,
"दुखलं नाही फारसं, म्हणून गेलो नाही कुठे."

हृदयाची ताण मोजणारी चकती रंगते:
मधोमध, टोकाशी, लालभडक;
कडेकडेने फिकट होत गेलेली.
मी उठून डॉक्टर ब्रॅनिगनना फोन लावते.
माझा आवाज मला चोरट्यासारखा ऐकू येतो.

नंतरचं मला पत्रांतून कळत गेलं.
आधी रक्त, मग लघवी,
मज्जेतून येणारा तो दुसरा प्रकार नाही ना, हे बघायला;
तो आठवड्यांचीही सवड देत नाही.
तो नव्हता.
मग डब्लिन. मुलगी सोरखा चार तास गाडी चालवत गेली.
हृदयासाठी हाडांचा स्कॅन, हे तिला शेवटपर्यंत पटेना.
सुई टोचून तीन तास थांबायचं होतं, त्यांनी सूप प्यायलं.

चित्र मी पाहिलं. पुसट सांगाडा,
आणि छातीत डावीकडे
राख बाजूला सारल्यावर दिसावा तसा निखारा,
बरगड्यांहून उजळ.

मग जनुकाची तपासणी. मग तीन लिफाफे,
सोरखाचा आणि तिच्या दोन भावांचा.
दोन उघडलेत. एक अजून कपाटावर आहे म्हणे.

मे महिन्यात तो पुन्हा आला, मोजमापासाठी.
डॉक्टरांनी समजावलं होतं:
यकृतात बनणारं एक प्रथिन, त्याची घडी चुकते,
चुकलेली घडी उलगडत नाही, साचत जाते.
साचलेलं गोळीने निघणार नाही,
पुढचं साचणं मंदावेल.
घडीचं त्याला नीट कळलं होतं.
"चुकीच्या घडीवर कापड वर्षभर पडून राहिलं
की नंतर कितीही इस्त्री मारा," तो म्हणाला,
"बापाचंही असंच असेल. हृदय मोठं झालं म्हणून पुरला."

चार वर्षांपूर्वी, मी म्हणाले, मी.
तो ऐकत होता की नाही कोण जाणे.
शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागत होता;
मदत करू का, विचारलं नाही.
तिसऱ्या बटणावर थांबून तो म्हणाला,
"हात गेले ते यामुळेच?
मागामुळे नाही?"

मागामुळे नाही.

"मग उगाच विकला मी त्याला," तो म्हणाला.
"वर शिव्याही दिल्या."